वर्तुळाबाहेरचा पहिला थांबा

मु. लांगरफेन,
ता. २४ जून २०१८

चि. ओको यास,
आजोबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नीडरआखेनच्या द्राक्षवाल्यांच्या कोठाराचं छप्पर तुमच्या हाती आलं हे वाचून बरं वाटलं, आणि पान उलटेपर्यंत काळजीही वाटायला लागली. थेडा म्हणते की मला आनंदसुद्धा घाबरत घाबरत होतो. होत असेल. शेजारीण म्हणून एवढी वर्षं तिनं मला पाहिलंय, तिला बोलायचा हक्क आहे. रेडिओवर रोज ऱ्हाईनकाठचा पारा सांगतात. तो ऐकला की मी उठून खिडकीचा पडदा ओढून घेतो, जसं काही त्यानं तुझ्या डोक्यावरचं ऊन कमी होणार आहे.

मी तुला सांगत होतो की माझ्यासारखा गवंडी हो. गवंड्याला निदान त्याची स्वतःची भिंत अर्धा दिवस सावली देते. कौलं शाकारणारा मात्र वर सूर्य आणि खाली तापलेलं कौल यांच्या मधोमध, भट्टीतल्या पावासारखा. पण तुला लहानपणापासून उंचावर चढायची हौस. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, आणि त्याच आठवड्यात तू गोठ्याच्या छपरावर जाऊन बसला होतास. तुझ्या आजीनं खाली पंखांची गादी अंथरली आणि मला दटावलं की वर बघून ओरडू नका, दचकेल. मी अजून ओरडलेलो नाही. कागदावर काय ते ओरडतो.

आणि ते तुमचे कपडे! काळं जाड कॉर्डरॉय, त्यावर जाकीट, त्यावर टोपी. फिरत्या कारागिरांचा हा पोशाख ज्यानं ठरवला तो नक्की जानेवारीत जन्मलेला असणार. टोपी काढायची नसेल तर काढू नकोस, पण आत कोबीचं ओलं पान ठेवत जा. हसू नकोस. आम्ही सगळे ठेवायचो.

इथे एप्रिलपासून पाऊस नाही. कालव्याचं पाणी खाली गेलंय आणि आपली दलदलीची जमीन वाळून आकसायला लागलीय. छपराखालच्या पश्चिमेकडच्या तिकोनी भिंतीला, आजीच्या शिवणाच्या खिडकीपासून वरपर्यंत, तडा गेलाय. बोट जातं. गवंडी मिळत नाही. फोन केला की म्हणतात, शरद ऋतूत बघू. शरद ऋतूपर्यंत भिंत थांबेल का, हे त्यांना कोण विचारणार?

रविवारी सायकल घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला, गावाच्या नावाच्या पाटीपाशी जाऊन आलो. आपलं गाव कालव्याकाठानं इतकं लांबलचक की पोचेपर्यंत शर्ट भिजला. तू निघालास त्या दिवशी पुरलेली बाटली जागेवर आहे. माती उकरून पाहिली नाही, वरून थापटून पाहिली. फिरतीची तीन वर्षं आणि एक दिवस पुरे झाले की तू रिवाजाप्रमाणे त्या पाटीवरून चढून आत येशील आणि ती बाटली काढशील, म्हणजे पुढच्या वसंतात. तोवर गावाच्या पन्नास किलोमीटरांच्या आत तुझं पाऊल पडायचं नाही. नियम चांगला आहे. मीच तुला म्हणालो होतो की निघालास तर पाळ, नाहीतर निघू नकोस.

फक्त एवढंच कळवतो की पाच ऑगस्टला मला ऐंशी पुरी होतात. भेटवस्तू वगैरे काही नको. तुला एकदा डोळ्यांनी बघावंसं वाटतं, बाकी काही नाही. स्वतःचा फोन बाळगायचा नाही हाही तुमचा नियम, म्हणून तू कुणाच्या तरी यंत्रातून ओरडतोस, मला ऐकू येत नाही आणि मी नुसताच हो हो म्हणतो. त्यात भेटल्यासारखं काही नसतं.

दोरी दोनदा तपासून बांध. माझ्यावरचा जीव उन्हानं आटू देऊ नकोस.

तुझा,
आजोबा हाब्बो

ता. क. कोबी न मिळाल्यास द्राक्षाची पानं चालतील. बरीच लागतील.


मु. नीडरआखेन,
ता. ५ जुलै २०१८

ती. आजोबा यांस,
ओकोचा सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. कोबीचं पान ठेवलं. योस्ट माझ्याबरोबर फिरतो, स्वित्झर्लंडचा आहे, तो आधी पोट धरून हसला की आता टोपीतून ससा निघणार. दुपारी त्यानं गुपचूप येऊन विचारलं की उरलेला गड्डा कुठे ठेवलास. आता छपरावर आम्ही सहा जण आहोत आणि सहाही टोप्यांतून भाजीचा वास येतो. मुकादम म्हणतो की संध्याकाळी सूप करून टाकू.

उजाडता उजाडता चढतो आणि दुपारी ऊन तापलं की उतरतो. कौलांच्या थप्प्या उत्तरेच्या उतारावर लावून ठेवतो, नाहीतर हातात धरवत नाहीत. आढ्याजवळ शिडीचे लोखंडी आकडे असतात त्यांवर फडकं गुंडाळलंय. कोठाराची मालकीण सफरचंदाचा रस पाण्यात घालून बादलीभर पाठवते. तेव्हा काळजी नको, मी मजेत आहे.

भिंतीला हात लावू नका. तुम्ही लावणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच लिहितो. शरद ऋतूपर्यंत लाकडाचे दोन टेकू द्या आणि खिडकीपाशी बसून चहा प्या. थेडाकाकूंना बोलवा.

पाच ऑगस्ट माझ्या लक्षात आहे. ते तुम्ही लिहायची गरज नव्हती. पण लिहिलंत म्हणून रात्रीपासून तेच डोक्यात आहे.

बाकी मजेत.

तुमची माया माथ्यावर असू द्या, टोपीच्याही वर.

आपला,
ओको


मु. लांगरफेन,
ता. १२ जुलै २०१८

चि. ओको यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू एका पत्रात तीन वेळा मजेत आहेस. खरोखर मजेत असलेला माणूस एकदा लिहितो किंवा विसरतो. शिवाय तुझं अक्षर डावीकडे कललंय. तू लहानपणी अंगठ्याला सुरी लागली तेव्हा असंच लिहायचास. मी शाळेत फारसा टिकलो नाही, पण तुझं अक्षर मला वाचता येतं. हाताला काय झालंय ते लिही. न लिहिलंस तर मी त्याहून वाईट काहीतरी मनानं रचून ठेवतो आणि मग मला झोप येत नाही.

भिंतीला मी हात लावलेला नाही. फक्त तड्यातला जुना चुना खरवडून पाहिला, किती आत गेलंय ते कळावं म्हणून. आत गेलंय. काही विटा हातात आल्या, त्या परत नुसत्या बसवून ठेवता येत नाहीत, हे तुलाही कळेल. म्हणून थोडासा माल कालवला. घमेलंभरच. या उन्हात माल थापीवरच वाळतो, ओको. वीट कोरडी लावली तर ती सगळं पाणी ओढून घेते आणि मालाची नुसती राख उरते. म्हणून विटा आदल्या दिवशी बादलीत भिजत घालाव्या लागतात आणि लावलेल्या थरावर ओलं गोणपाट टाकावं लागतं, ते तासाभरानं पुन्हा ओलं करावं लागतं. तेवढंच काम. परांची बुटकी आहे. मी पहाटे करतो आणि ऊन आलं की आत येतो.

थेडा चहाला येते. तिला म्हटलं बस, तर दुसऱ्याच कपानंतर चमचा कपात ठेवून उठली, म्हणजे पुरे झालं. आपल्याकडे तीन कपांशिवाय कुणी उठतं का? तुझी आजी असती तर तिनं तो चमचा काढून परत बशीत ठेवला असता आणि वर चहा ओतला असता. मला तसं करता येत नाही. मी नुसतं म्हणतो की बरं, ये मग. मग मी तिसरा कप एकटा पितो, आणि गरम चहा ओतल्यावर खडीसाखर तडकते त्याचा आवाज पूर्वी एवढा मोठा यायचा का, ते आठवायचा प्रयत्न करतो.

हाताचं लिही. आणि आपला धागा सैल पडू देऊ नकोस.

तुझा,
आजोबा हाब्बो


मु. लांगरफेन,
ता. १९ जुलै २०१८

चि. ओको यास,
थेडाकाकूचे आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी लिहितेय हे हाब्बोला माहीत नाही आणि तू सांगायचंही नाही. आधी सांगते की तो बरा आहे, मघापर्यंत अंगणात खुर्चीवर बसून मला काम चुकीचं करते म्हणून ओरडत होता. मग आता बाकीचं वाच.

सोमवारी भर दुपारी मी मटार द्यायला गेले तर तो परांचीच्या पायथ्याशी मालाच्या घमेल्याशेजारी पडलेला. वरून पडला नव्हता, उतरून मग पडला, एवढं त्याचं नशीब. अंग कोरडं ठणठणीत, घामाचा टिपूस नाही, आणि बोलणं भलतंच. मला गेश म्हणत होता, तुझ्या आजीचं नाव घेऊन, की गोणपाट ओलं कर, वाळतंय. मी आधी त्याच्यावर बादली ओतली आणि मग डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले की अजून थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं. आता पाणी, सावली आणि विश्रांती. पहाटे करतो म्हणून त्यानं तुला लिहिलं असेल. पहाटे सुरू करतो हे खरं, पण थांबत नाही. म्हणतो की अर्धा थर सोडता येत नाही.

तुमच्या नियमात घरचं माणूस गंभीर असेल तर परत येता येतं, हे मला माहीत आहे. मी त्याला तसं म्हटलं. तो खुर्चीवरून उठलाच. म्हणाला की तसं लिहिलंस तर तुझ्याशी बोलणार नाही, ओकोला त्या नियमानं यायचं तर मेलेल्याला भेटायला यावं लागेल, आणि तो मान मी त्याला एवढ्यात देणार नाही. म्हणून मी तुला बोलावत नाही. मी फक्त कळवतेय.

पण करतो काय ते सांगते. गेशचा तो मोठा नकाशा त्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलाय. आपल्या घरावर बरोब्बर खिळा ठोकला, नकाशाला भोक पाडलं, आणि गवंड्याच्या दोरीला पेन्सिल बांधून तुझं पन्नास किलोमीटरांचं वर्तुळ काढलं. चहा पिताना त्या रेघेकडे बघत बसतो. मी विचारलं की काय बघतोस, तर म्हणाला की रेघ बघतो, तिच्या पलीकडे पोरगं उभं राहू शकतं.

तू शहाणा आहेस. काय ते बघ.

काकूला विसरू नकोस,
थेडा


मु. नीडरआखेन,
ता. २४ जुलै २०१८

ती. आजोबा यांस,
ओकोचा सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहितो, कारण उद्या निघायचंय.

पाच ऑगस्टला रविवार आहे. मी येतोय. नियम मोडून नाही, नियमाच्या काठापर्यंत. तुमच्याकडे नकाशा आहे आणि माझ्याही पिशवीत आहे. कालव्याकाठच्या रस्त्यानं पूर्वेकडे जी बस जाते, तिचा वर्तुळाबाहेर पडल्यावरचा पहिला थांबा. त्याचं नाव मला इथून नीट वाचता येत नाही, पण तो तुम्ही शोधून काढाल. तुम्ही सकाळच्या बसनं या, मी आधी पोचायचा प्रयत्न करतो, नाहीतर दुपारपर्यंत. संध्याकाळच्या बसनं तुम्ही परत जा. मनुकांचा पाव आणलात तर नाही म्हणणार नाही.

प्रवासाला भाडं द्यायचं नाही हा आमचा नियम, त्यामुळे मिळेल त्या गाडीनं येणार. मधे कुठे दोन दिवस काम करीन, कुठे झोपीन, ते माहीत नाही. उत्तर पाठवायला पत्ता नाही. पाठवू नका, फक्त या. मुकादमानं सोडलंय, मधल्या आठवड्यांत तो कौलांची वाट बघणार आहे. परत इथेच येऊन छप्पर पुरं करायचंय.

सावलीत चाला. टोपीत पान ठेवा, ससा काढू.

भेटीत राहिलेलं सगळं बोलू, तोवर माया सांभाळून ठेवा.

आपला,
ओको


मु. लांगरफेन,
ता. ६ ऑगस्ट २०१८

चि. ओको यास,
आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र नीडरआखेनला पाठवतो, तू तिथे पोचशील तेव्हा पोचेल.

सकाळच्या बसनं गेलो. थेडा गाडी काढते म्हणाली, पण नातवाला भेटायला मी कुणाच्या शेजारी बसून जाणार नाही. थर्मासात चहा घेतला. आपले निळे दोन कप टॉवेलात गुंडाळले, बशा, दोन चमचे, खडीसाखरेची डबी. मनुकांचा पाव थेडानं भाजला होता, लोणी वेगळं ओल्या फडक्यात. नवीन शर्ट घातला. आजीच्या हातचा तो निळा, तोच नवीन.

थांबा मी चार वेळा मोजून काढला होता. खांब आहे आणि खांबाला पाटी, बाकी काही नाही. ना बाक, ना झाड. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला मक्याचं शेत, तेही करपलेलं. तू नव्हतास. म्हटलं येशील. पिशवी शेजारी ठेवून जमिनीवर बसलो. टोपीत पान होतं, ते लवकरच वाळून कागदासारखं झालं. एक बाई सायकलवरून गेली, तिनं विचारलं की आजोबा, बरं आहे ना, इथे उन्हात काय करता. मी सांगितलं की नातू येतोय, वाढदिवस आहे. तिनं शुभेच्छा दिल्या आणि गेली. परत येताना तिनं काही विचारलं नाही.

पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन पाहावं असं दोनदा मनात आलं. पण जागा सोडली आणि तेवढ्यात तू आलास तर? मी उठलो आणि बसलो. दुपारी लोण्याचं तेल झालं. चहा मी ओतला नाही. एकट्यासाठी कप टॉवेलातून काढायचे नव्हते.

संध्याकाळची बस आली तेव्हा मी चिडलो होतो. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. चालवणारी एक तरुण मुलगी होती. मी पुढच्या बाकावर बसून पुटपुटत होतो की हल्लीच्या पोरांच्या शब्दाला काही अर्थ नाही. बरंच अंतर गेल्यावर ती आरशातून बघून म्हणाली की तुम्ही कुणाची वाट बघत होतात का, कारण तुमच्या आधीच्या थांब्यावर काळ्या कॉर्डरॉयमधला टोपीवाला एक जण हात करून बस थांबवून उभा होता. तो चढला नाही, त्यानं फक्त विचारलं की एखादे म्हातारे गृहस्थ सकाळी इथे उतरले का. ती म्हणाली की मी दुपारी कामावर आले, मला माहीत नाही.

मी ओरडलो, ओको. गाडी थांबव म्हणून ओरडलो. तिनं थांबवली, दार उघडलं. मी पिशवी घेऊन खाली उतरलो आणि आलेल्या रस्त्याकडे पाहिलं. रस्ता सरळ आहे. टोकाला नुसती उन्हाची थरथर. ती मुलगी खाली उतरून आली. म्हणाली की आजोबा, आपण फार पुढे आलोय, ह्यानंतर बस नाही, आणि ह्या उन्हात मी तुम्हाला रस्त्यावर सोडून गेले तर मला घरी तोंड दाखवता येणार नाही. गाडी उलट नेता येत नाही, असंही म्हणाली, अगदी माफी मागितल्यासारखं. तिनं माझा दंड धरला. मी चढलो.

तू आला होतास. वाट बघत होतास. एवढं तरी कळलं, म्हणून आज लिहायला बसलो. पण त्या थांब्यावर का? मी खिळ्यापासून मोजलं होतं.

आणखी काही लिहवत नाही. पाव थेडाला परत नेऊन दिला.

तुझा,
आजोबा हाब्बो


मु. नीडरआखेन,
ता. ९ ऑगस्ट २०१८

ती. आजोबा यांस,
ओकोचा शि. सा. न. वि. वि.

आताच पोचलो. तुमचं पत्र अजून आलेलं नाही, पण न थांबता लिहितो.

तुम्ही एक थांबा अलीकडे होतात ना? मला परतीच्या वाटेवर, एका लाकडाच्या ट्रकमध्ये बसल्यावर उमगलं. थेडाकाकूंनी लिहिलं होतं की आजोबांनी खिळा घरावर ठोकलाय. मी वाचून हसलो होतो आणि पुढे गेलो होतो. आजोबा, वर्तुळ घरापासून नसतं. गावाच्या पाटीपासून असतं, जिथे बाटली पुरली तिथून. फावडं तुम्हीच धरलं होतं. गाव एवढं लांब, आपलं घर पश्चिमेच्या टोकाला आणि पाटी पूर्वेच्या, त्यामुळे माझी रेघ तुमच्या रेघेच्या चार-पाच किलोमीटर पलीकडे पडते. तुमचा थांबा माझ्यासाठी आत होता.

सकाळची बस येऊन गेल्यावर मी पोचलो. थांब्यावर कुणी नाही. म्हटलं उशीर झाला असेल, दुसऱ्या गाडीनं येतील. मग वाटलं की ऊन लागलं असेल, घरीच असतील. मग त्याहून वाईट वाटायला लागलं. थेडाकाकूंनी तुम्ही पडलात ते मला कळवलं होतं, त्यांच्यावर रागावू नका. दुपारी एकदा वाटलं की अलीकडच्या थांब्यावर तर नसतील? चालायला लागलो. दोनदा निघालो आणि दोनदा परत आलो. पहिल्यांदा आलो कारण वाटलं की मी इकडे गेलो आणि तुम्ही तिकडून उतरलात तर. दुसऱ्यांदा आलो कारण पुढे रेघ होती. कुणी बघत नव्हतं, आजोबा. कालव्यात एक बदकसुद्धा नव्हतं. मला वाटलं की एक पाऊल, मग दुसरं. पण तुम्ही म्हणाला होतात की पाळ, नाहीतर निघू नकोस. तुमच्यासमोर उभं राहून काय सांगितलं असतं?

माझ्या थांब्याला विटांची खोली आहे, तीन भिंतींची, वर कौलं. कौलं बरीच घसरलेली, गवतात पडलेली, आणि बाकावर उन्हाचे मोठे चौकोन. म्हटलं तुम्ही आलात की बसायला सावली हवी. अवजारं पाठीवर होतीच. सायकली टेकवायच्या दांड्यावरून चढलो. पडलेली कौलं चांगली होती, दोन फुटलेली सोडून. दुपारभर तेच केलं. छपरावरून रस्ता लांबवर दिसत होता, ते एक बरं होतं. संध्याकाळी बाकावर सगळीकडे सावली होती.

हाताचं सांगायचं राहिलं. जून संपता संपता योस्टला आढ्यावर चक्कर आली. बोलता बोलता गप्प झाला आणि घसरायला लागला. मी त्याच्या पट्ट्याला धरलं, दुसरा हात पन्हाळीच्या तापलेल्या पत्र्यावर पडला, तो मला सोडता येईना. तळव्याची साल गेली, आता नवीन आलीय. योस्ट बरा आहे. तुम्हाला लिहिलं नाही कारण तुम्ही भिंतीवर चढत होतात आणि मला लिहीत नव्हतात. आपण दोघं एकाच मुशीतले.

वाढदिवस चुकला. रागावला असाल तर रागावून लिहा, पण लिहा. आशीर्वादाची सावली काढून घेऊ नका.

आपला,
ओको


मु. लांगरफेन,
ता. २ सप्टेंबर २०१८

चि. ओको यास,
आजोबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला घ्यायचो आणि ठेवून द्यायचो, कारण दर वेळी दुसरंच काही सुचायचं. आधी वाटलं की लिहावं, गाढवा, चालत का आला नाहीस, मी उन्हात जमिनीवर बसलो होतो. मग वाटलं की आला असतास तर मी तुला बघून काय केलं असतं? मिठी मारली असती आणि मग आयुष्यभर चहाच्या वेळी तुला बोललो असतो की एवढं पाळता आलं नाही. मला मी ओळखतो. तू परत फिरलास ते बरोबर केलंस. मला ते आवडलेलं नाही, पण बरोबर केलंस.

थेडावर रागावलो नाही. दोन दिवस बोललो नाही, तेवढंच. तिनं ते दोन दिवस मजेत काढले असं तिचं म्हणणं आहे.

भिंत झाली. पलीकडच्या गावाहून दोन गवंडी आले, बापलेक. मी खुर्ची टाकून समोर बसलो आणि त्यांना विटा नीट भिजवायला लावल्या. मुलगा म्हणाला की आजोबा, हल्ली मालात पाणी धरून ठेवणारी पावडर असते. मी म्हटलं की पावडर घाल आणि वीटही भिजव. त्यानं दोन्ही केलं. सरळ आली आहे भिंत, ओळंबा लावून पाहिला. मी परांचीवर चढलो नाही. थेडाला विचार.

नकाशातला खिळा काढला आणि पाटीवर ठोकला. आता गेशच्या नकाशाला दोन भोकं आहेत. नवीन रेघ काढली आणि मग तुझा थांबा बरोबर दिसला.

गेल्या रविवारी तिथे जाऊन आलो. ऊन आता नरमलंय, तरी दुपारी रस्ता तापतोच. बस चालवायला तीच मुलगी होती, तिनं ओळखलं. मी तिला म्हटलं की आज एक थांबा पुढे. तिनं भाड्याचं विचारलं नाही आणि मी उतरेपर्यंत आरशात बघत होती.

विटांची खोली जुनी आहे, चांगल्या हातची. विटांमधल्या दरजा भरायला झाल्या आहेत, पण भिंती उभ्या आहेत. छप्पर मी आधी बाहेरून पाहिलं. कौलं ओळीत आहेत. दुसऱ्या ओळीत मधलं एक कौल बोटभर तिरकं बसलंय. तुझा हात दुखत होता की तू रस्त्याकडे बघत होतास, ते तुला माहीत. येशील तेव्हा सरळ कर. मी त्याला हात लावणार नाही.

मग आत गेलो आणि बाकावर बसलो. बाहेर रस्ता पांढरा होऊन तापला होता आणि आत गारवा होता, ओको. भिंतीला पाठ टेकली तर भिंतही गार. वर पाहिलं तर कुठूनही ऊन येत नव्हतं. तू माझ्यासाठी सावली केली होतीस आणि मी आलो नव्हतो. म्हणून या वेळी मी वेळ घेऊन बसलो. बस आली आणि गेली तरी मी उठलो नाही, संध्याकाळच्या बसनं आलो.

टॉवेल सोडून दोन्ही कप काढले. खडीसाखर टाकली, चहा ओतला, थर्मासातल्या चहानं ती तडकत नाही, नुसती विरघळते. माझे तीन झाले. तुझाही दर वेळी भरला आणि गार झाल्यावर कालव्यात ओतला. बाकी कुणी नव्हतं, त्यामुळे वेड्यासारखं वाटलं नाही.

निघताना माझा चमचा मी कपात ठेवला. तुझा बशीतच राहू दिला. दोन्ही कपबशा तशाच टॉवेलात गुंडाळून आणल्यात आणि तशाच कपाटात ठेवल्यात. अजून तुझं पुरे झालेलं नाही.

वसंतात पाटीपाशी फावडं घेऊन उभा असेन. दोरी तपासून बांध.

तुझा,
आजोबा हाब्बो